नामाऐवजी? मग ‘ते’ घर कुठलं?

सर्वनाम म्हणजे नामाऐवजी येणारा शब्द, ही व्याख्या आपण शाळेत पाठ केली आणि पुढे कधी तपासली नाही. मुंबईतल्या परळ-लालबाग या गिरणगावाच्या बोलण्यावर ती तपासून पाहावी. १८ जानेवारी १९८२ला तिथल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडल्या, जमिनींचे वाद झाले आणि कामगारांना किंवा त्यांच्या वारसांना म्हाडाच्या सोडतीतून घरं मिळू लागली. तेव्हापासून इथे ‘घर लागणं’, म्हणजे सोडतीत घर मिळणं, हा रोजचा विषय. ‘प्रत्येक कामगाराला वाटतं, आपल्याला घर लागेल.’ या वाक्यात सर्वनामाच्या जागी नाम बसवा: ‘प्रत्येक कामगाराला वाटतं, प्रत्येक कामगाराला घर लागेल.’ ज्याची त्याची आशा होती, ती एकदम सगळ्यांसाठीची सदिच्छा झाली. व्याख्या खरी असती तर अर्थ असा पालटला नसता.

दुसरं वाक्य याहून अवघड आहे. ‘ज्या कामगाराला घर लागलं, त्याने ते भाड्याने दिलं.’ यातलं ‘ते’ कुठल्याच ठरावीक घराचं नाव घेत नाही. नेहमीच्या तर्कशास्त्रात मांडायला जावं, तर ‘एक घर असं आहे की’ या शब्दांचा अंमल ‘ज्या’च्या उपवाक्यातच संपतो आणि ‘ते’ बाहेर निराधार उरतं. पीटर गीच यांनी १९६२मध्ये गाढवाच्या मालकाचं उदाहरण घेऊन हा पेच आधुनिक चर्चेत आणला. त्याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर स्वीडनचे तर्कशास्त्रज्ञ पेर मार्टिन-लोफ यांच्या टाइप थिअरीतून, म्हणजे प्रकारांच्या सिद्धांतातून येतं. या सिद्धांतात विधान खरं असणं म्हणजे त्याचा पुरावा हाती असणं, आणि पुराव्याला घडण असते. ‘कामगाराला घर लागलं’ याचा पुरावा जोडीचा: एक घर, आणि ते त्यालाच लागल्याचा दाखला. ‘ते’ या जोडीतला पहिला घटक उचलतं. अख्खं वाक्य म्हणजे मग अशी रीत, की कोणताही कामगार आणि त्याची अशी जोडी द्या, ते घर भाड्याने दिल्याचा पुरावा ती काढून देईल. योरान सुंडहोल्म यांनी १९८६मध्ये हा मार्ग दाखवला. आर्ने रांटा यांनी १९९४च्या पुस्तकात त्यावर व्याकरण उभारलं. या मांडणीतून आणखी एक गोष्ट आपोआप उलगडते. ‘त्याला घर लागलं नाही. ते शिवडीला आहे.’ हे कानाला खटकतं, कारण नकाराच्या पुराव्यात घर नसतंच, उचलायचं काय?

मराठीत लिंग-वचन एवढं स्पष्ट असताना हा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. पण ‘कामगाराने अर्ज भरला, तो डिलाईल रोडला राहतो’ आणि ‘कामगाराने अर्ज भरला, तो दोन पानी आहे’ ही वाक्यं शेजारी ठेवा. कामगार पुल्लिंगी, अर्जही पुल्लिंगी. निवाडा होतो तो राहणाऱ्याचा प्रकार वेगळा आणि पानं असणाऱ्याचा वेगळा, यावर. लिंग ही या प्रकारांची फार ढोबळ वाटणी आहे.

याहून भक्कम आक्षेप वेगळा आहे. वरच्या रीतीने पाहिलं तर एखाद्याला दोन घरं लागली असल्यास त्याने दोन्ही भाड्याने दिली, असा अर्थ निघतो. तो कदाचित चालेल. पण ‘ज्याच्याकडे दहाची नोट आहे, त्याने ती कंडक्टरला द्यावी’ हे ऐकून बेस्टच्या बसमध्ये कोणी खिशातल्या सगळ्या नोटा काढत नाही. इथे ही रीत तशीच्या तशी पुरत नाही, तिला वेगळी जोड द्यावी लागते. ‘आपण’ म्हणजे ज्याचा तो स्वतः की ऐकणाऱ्यासकट सगळे, हेही पुराव्याच्या घडणीवरून कळत नाही; ते प्रसंगावरूनच ठरतं. तरीही सिद्धांत कुठे अडतो हे नेमकं दाखवता येतं, ही मला त्याची मोठी बाजू वाटते. ‘नामाऐवजी’ म्हणणारी व्याख्या अडते, पण अडली हे कळू देत नाही.

‘रमा आली, ती बसली’ एवढ्यापुरती जुनी व्याख्या चालते, हे खरं. पण ते त्यातल्या त्यात सोपं उदाहरण आहे, आणि नव्या रीतीत तेही सहज बसतं. सहावी-सातवीच्या मुलांना टाइप थिअरी शिकवा, असं माझं म्हणणं नाही. आधीच्या बोलण्यातून हाती आलेली वस्तू किंवा व्यक्ती उचलणारा शब्द, एवढं त्यांना नक्की समजेल. पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनी पुढच्या आवृत्तीत ‘नामाऐवजी’ हा शब्द काढावा आणि ‘प्रत्येक कामगाराला वाटतं’ हे वाक्य स्वाध्यायात घालावं.