उधळ्या पुत्राचा दाखला व आपली प्रार्थना

प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यांपैकी उधळ्या पुत्राचा दाखला जितका सर्वांच्या तोंडी आहे, तितका दुसरा क्वचितच असेल. आणि जे अतिशय परिचयाचे असते ते आपण नीट लक्ष देऊन ऐकत नाही, असाही सर्वांचा अनुभव आहे. शाळेत एखादा विद्यार्थी वाईट संगतीस लागला, घरी एखाद्या मुलाने पैसे उडविले, म्हणजे वडील माणसांस हा दाखला आठवतो व तो त्या मुलास ऐकविण्यात येतो. ऐकविणारा मनात म्हणतो, 'हे तुझ्यासाठी आहे'. ऐकणारा मान खाली घालतो. आणि दोघेही जसे होते तसेच आपापल्या जागी राहतात. माझ्या मते हा त्या दाखल्याचा दुरुपयोग होय. तो दुसऱ्यास सुनावण्यासाठी नाही. आपण स्वतः त्यात जाऊन उभे राहावे यासाठी आहे. म्हणून शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी व घरच्या कौटुंबिक उपासनेत तो केवळ वाचून सोडून न देता, प्रश्न, स्तब्धता व उत्तर या रीतीने त्यावर प्रार्थना करावी, अशी सूचना मी विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम हा दाखला कोणास सांगितला ते पाहावे. लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायाच्या आरंभीच त्याचा खुलासा आहे. जकातदार व पापी म्हणून गणलेले लोक प्रभूचे बोलणे ऐकावयास जवळ येत होते. आणि परूशी व शास्त्री कुरकुर करीत होते, की हा असल्या लोकांच्या पंक्तीस बसतो. त्या कुरकुरीस उत्तर म्हणून तीन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिलीत १०० मेंढरांपैकी १ हरवते. दुसरीत १० नाण्यांपैकी १ हरवते. तिसरीत २ पुत्रांपैकी १ हरवतो. अर्थात् हा दाखला वाया गेलेल्या तरुणांच्या सभेत नव्हे, तर नेमधर्माने वागणाऱ्या प्रतिष्ठित गृहस्थांसमोर सांगितला गेला. दुसरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तो पुरा झालेला नाही. थोरला भाऊ रागावून घराबाहेर उभा आहे, बाप त्याची विनवणी करीत आहे. पुढे तो आत गेला की नाही, हे शुभवर्तमानात सांगितलेलेच नाही. सांगणारा येथे थांबतो व ऐकणाराकडे पाहतो. ज्या गोष्टीचा शेवटच प्रश्न आहे, तिच्यावरील प्रार्थना नुसत्या श्रवणाने कशी बरे पुरी व्हावी?

अशा रीतीने शास्त्रवचनात शिरून प्रार्थना करणे हे काही नवे खूळ नाही. बाराव्या शतकात गीगो नावाच्या एका मठाधिपतीने वाचन, मनन, प्रार्थना व ध्यान अशी चार पायऱ्यांची शिडी सांगितली आहे. इग्नाती लोयोला याचे आध्यात्मिक साधनेवरील पुस्तक १५४८ साली छापले गेले. त्यात तो साधकास सांगतो की, प्रभूच्या जन्माचा प्रसंग मनश्चक्षूंपुढे आणावा, आपण तेथील एक दरिद्री सेवक आहोत असे समजून तेथे हजर राहावे, आणि शेवटी मित्राने मित्राशी बोलावे तसे प्रभूशी बोलावे. आपल्या मराठी भाषेसही ही रीत परकी नाही. मूळचे इंग्लंडचे व १५७९ साली गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी जे ख्रिस्तपुराण रचले व जे १६१६ साली राचोल येथे छापले गेले, त्याची मांडणीच अशी आहे की श्रोते शंका विचारतात व पाद्री गुरू ओवीबद्ध उत्तर देतात. तेव्हा प्रश्नोत्तराने धर्मविचार करणे ही आपली चारशे वर्षांची मिरास आहे.

आता प्रत्यक्ष रीत सांगतो. या दाखल्यात उभे राहण्याच्या तीन जागा आहेत. वाचणाऱ्याने एकेका जागेपर्यंत वाचावे, तेथे थांबावे, एक प्रश्न विचारावा, आणि मिनिटभर सर्वांनी स्तब्ध बसावे.

पहिली जागा दूरदेशातील, डुकरांच्या कळपाजवळची. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे डुकर हा अशुद्ध प्राणी. यहुदी घरातील मुलाने ते राखावे याहून हीन स्थिती श्रोत्यांच्या कल्पनेत येणे शक्य नव्हते. त्यातून दुष्काळ पडलेला. डुकरांच्या शेंगांवर पोट भरण्याची इच्छा होते, पण त्याला कोणी काही देत नाही. अशा वेळी तो शुद्धीवर येतो. त्याला प्रथम काय आठवते? आपल्या बापाच्या घरी मोलकऱ्यांसदेखील पोटभर भाकरी मिळून उरते, हे आठवते. मुलांनो, येथे थांबा व स्वतःस विचारा: मी कोणत्या गोष्टीत घरापासून दूर गेलो आहे? ज्याने अपराध केला तो बोर्डिंगात, वर्गात किंवा आईच्या शेजारी बसूनही दूरदेशी असू शकतो. लपविलेली गुणपत्रिका, मित्राविषयी बोललेले खोटे, आजोबांस दिलेले उद्धट उत्तर, हे सारे लहान लहान दूरदेशच होत. मग मनात म्हणावे: 'हे पित्या, मी कोठे आहे ते तुला ठाऊक आहे. मलाही ते कळू दे. आणि उठण्याचे बळ दे.'

उठून परत निघताना तो मुलगा एक भाषण जुळवितो. त्यात तीन वाक्ये असतात: मी पाप केले आहे, मी पुत्र म्हणविण्यास योग्य नाही, मला एका मोलकऱ्याप्रमाणे ठेवा. परंतु प्रत्यक्ष भेटीत पहिली दोनच वाक्ये त्याच्या तोंडून निघतात. तिसरे निघण्यापूर्वीच बाप चाकरांस झगा, अंगठी व जोडा आणावयास सांगतो. अनवाणी राहावे चाकराने. पुत्राच्या पायांत जोडा असावा. मोलकरी होण्याची ती विनंती तशीच राहून जाते.

दुसरी जागा बापाची, आणि ती मी विशेषेकरून पालकांसाठी राखून ठेवली आहे. मुलगा दूर आहे तोच बापाने त्याला पाहिले, असे शुभवर्तमान सांगते. यावरून त्याची दृष्टी रस्त्याकडे लागलेली असावी, असे मला वाटते. तो धावत गेला. पूर्वेकडील देशांत पायघोळ वस्त्र नेसणारा प्रतिष्ठित वृद्ध मनुष्य रस्त्याने धावत नाही. तो सावकाश चालतो व लोक त्याजकडे येतात. या बापाने आपली प्रतिष्ठा बाजूस ठेवली. पालकहो, येथे थांबावे व विचारावे: माझे मूल अपयश घेऊन परत येईल, तेव्हा मी कोठे असेन? दारात, रस्त्यावर, की आतल्या खोलीत तोंड फिरवून?

हा प्रश्न केवळ धर्मचर्चेचा नाही. परीक्षांचे निकाल लागल्यावर घरी तोंड कसे दाखवावे या भीतीने मुले निघून गेल्याच्या, व त्याहूनही हृदयद्रावक अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्या मुलांस घर नव्हते असे नाही. पण त्या घटकेस घर आठवून त्यांस धीर आला नाही. दाखल्यातील मुलगा परत आला तो पश्चात्तापाने, हे खरेच. परंतु बापाच्या घरची जी आठवण त्याच्यापाशी होती, ती परत येण्याजोगी होती, हेही तितकेच खरे. जेथे मोलकऱ्याचे पोट भरते तेथे मला हाकलून देणार नाहीत, एवढा विश्वास त्याच्या मनात शिल्लक होता. तो विश्वास त्या दिवशी उत्पन्न झाला नाही; घरातील रोजच्या वागणुकीने तो पूर्वीच रुजला होता. मुलाचे पाय घराकडे वळतील की घरापासून दूर, हे निकालाच्या दिवशी ठरत नसते. वर्षभर घरात जे शब्द उच्चारले जातात त्यांनी ते ठरते. म्हणून निकाल लागण्यापूर्वीच, काहीही झाले तरी तू घरी ये, असे मुलास स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे. मुलाला हे ठाऊकच आहे, असे समजून गप्प राहू नये.

तिसरी जागा अंगणातील, थोरल्या भावाची. शेतातून येताना त्याला वाद्यांचा व नाचण्याचा आवाज ऐकू येतो. तो चाकरास विचारतो, रागावतो, आणि आत जाण्यास नाकारतो. त्याच्या बोलण्याकडे लक्ष द्यावे. धाकट्याने सारे गमावूनही बापाला बाप म्हणून हाक मारली. थोरला ती हाक एकदाही मारीत नाही. मी इतकी वर्षे चाकरी केली आणि मला मित्रांबरोबर आनंद करावयास एक करडूही मिळाले नाही, असा हिशेब तो मांडतो. धाकट्याने शेवटपर्यंत मागितली नाही ती मोलकऱ्याची जागा हा आपण होऊनच घेऊन बसला आहे. भावाचा उल्लेख तो 'तुमचा पुत्र' असा करतो. बाप उत्तर देताना तोच उल्लेख 'तुझा भाऊ' असा करतो. या दोन शब्दांत साऱ्या दाखल्याचे मर्म आले आहे. ज्यांचा क्रमांक वर असतो, ज्यांस कधी शिक्षा होत नाही, अशा मुलांनी, आणि आम्ही शिक्षकांनीही, येथे थांबून विचारावे: ज्याला सर्वांनी नावे ठेविली आहेत, त्याला मी 'माझा भाऊ' म्हणू शकतो काय? नापास होऊन त्याच वर्गात राहिलेला मुलगा जूनमध्ये पुन्हा बाकावर येऊन बसतो, तेव्हा त्याच्या शेजारी कोण बसते, यावरून या प्रार्थनेचे खरेखोटेपण ओळखावे.

येथे कोणी आक्षेप घेईल की, अशाने मुले शेफारतील. अपराध करावा व मेजवानी मिळवावी, असा त्यांचा समज होईल. हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. परंतु बापाने अपराधास सद्गुण म्हटलेले नाही. पुत्र मेला होता, हरवला होता, असेच तो म्हणतो. शिवाय उधळलेले धन परत आले नाही. अनुवादाच्या २१ व्या अध्यायातील नियमाप्रमाणे थोरल्या पुत्रास दुप्पट वाटा मिळावयाचा, म्हणजे दोघा भावांत धाकट्याचा वाटा एक तृतीयांश. तो त्याने घेतला व उडविला. उरलेले सर्व थोरल्याचेच आहे, असे बाप त्याला स्वमुखाने सांगतो. तेव्हा क्षमेने नुकसान नाहीसे झाले नाही. नाते मात्र तुटले नाही. नापास झालेल्या मुलाने त्याच इयत्तेचा अभ्यास पुन्हा केलाच पाहिजे. पण तो घरातला मुलगा म्हणून करावा, घरावरचा भार म्हणून नव्हे.

ही रीत वर्गात चालविताना काही पथ्ये अवश्य पाळावीत. प्रश्न मोठ्याने विचारावा, पण उत्तर मोठ्याने मागू नये. ते देवाला द्यावयाचे आहे, शिक्षकाला नव्हे. कोणत्याही मुलाने चारचौघांत आपला अपराध सांगावा असा आग्रह धरणे क्रूरपणाचे होईल. अमुक जागा अमुक मुलाची असे बोट दाखवू नये. तसे केले तर आपण पुन्हा जुन्याच वाटेला लागलो असे समजावे. जे विद्यार्थी ख्रिस्ती नाहीत त्यांच्यावर प्रार्थनेचा भार घालू नये. बाप, दोन भाऊ व घराचे दार यांविषयी स्वस्थपणे विचार करण्यास धर्म आडवा येत नाही. आणि स्तब्धतेचे ते मिनिट कितीही अवघड वाटले तरी उपदेशाने भरून काढू नये.

असो. वाचकहो, अंगणात थोरला भाऊ अद्याप उभा आहे, आत गाणेबजावणे चालले आहे, आणि बाप बाहेर येऊन त्याच्याशी बोलत आहे. आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी घरातील लहानथोरांनी एकत्र बसून हा दाखला वाचावा, तीन ठिकाणी थांबावे, आणि शेवटी मिळून म्हणावे: 'हे स्वर्गीय पित्या, आमच्यापैकी जो दूर आहे त्याला घराची आठवण दे, जो दारात आहे त्याला वाट पाहण्याचा धीर दे, आणि जो अंगणात रुसून उभा आहे, त्याचा हात धरून त्याला आत ने. आमेन.'