जबड्यातील कल्हई

नेरुळहून सुटलेली पनवेल लोकल खांदेश्वरला पोहोचेपर्यंत नेरुळ, बेलापूर, खारघर आणि कामोठे या चार ठिकाणची दंतमहाविद्यालये मागे टाकते. या पट्ट्यात दंतरोपणाची नवलाई आता उरलेली नाही. नवलाई आहे ती रोपणावरील जंतुरोधक लेपाची, आणि त्याविषयीची चर्चा लेपांचा इतिहास विसरून चालली आहे.

तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक कळकते, म्हणून मराठी घरांनी त्यांना आतून कथलाचा थर दिला. भाता, तापलेले भांडे, नवसागराचा धूर, कापसाच्या बोळ्याने फिरवलेले कथील. कल्हईवाला पुन्हापुन्हा दारी येई, तो त्याचे काम कच्चे होते म्हणून नव्हे. लेप झिजणारच, हे त्या व्यवस्थेने गृहीतच धरले होते.

दंतरोपणाची कथा स्वीडनमधली. 1950 च्या दशकात पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण काढता येईना. हाड धातूला घट्ट जुळले होते. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. पुढे 1987 मध्ये अँथनी ग्रिस्टिना यांनी ‘पृष्ठभागासाठीची शर्यत’ ही कल्पना मांडली: रोपणावर आधी कोण ठाण मांडते, शरीराच्या पेशी की जिवाणू? चांदीचे सूक्ष्मकण, क्लोरहेक्सिडीन किंवा प्रतिजैविके यांचे लेप हवेत ते पेशींना या शर्यतीत आघाडी मिळावी म्हणून.

युक्तिवाद बिनतोड वाटतो. खोट आहे ती कालगणनेत. शर्यत पहिल्या काही दिवस-आठवड्यांची असते. रोपणाभोवतीचा दाह आणि हाडाची झीज मात्र बहुधा काही वर्षांनी उद्भवते. तोवर लेपातील औषध झिरपून गेलेले असते आणि जाता जाता उरणारी अपुरी मात्रा प्रतिरोधक जिवाणूंना पोसू शकते. चांदी वाढवावी, तर हाडाच्या पेशीही मरतात. हाड लवकर धरावे म्हणून 1980 च्या दशकात गाजलेला हायड्रॉक्सिॲपटाइटचा लेपही काही रोपणांवरून सुटला, काहींवर विरघळला.

जबड्यातील स्क्रूला पुन्हा कल्हई करता येत नाही. म्हणून नव्या लेपाला पहिला प्रश्न ‘किती जंतू मारतो?’ हा नसावा. ‘दहा वर्षांनी तेथे काय उरते?’ हा असावा.

एका रुग्णावरून सिद्धान्त उभा राहत नाही, हे खरे. पण ब्रोनेमार्क यांचे पहिले रुग्ण योस्ता लार्सन 2006 मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या जबड्यातील रोपणांना चाळीस वर्षे झाली होती. त्यांवर कोणताही लेप नव्हता.