कापसाच्या हिशेबात बाई कुठे आहे?

औद्योगिक क्रांतीचा धडा मँचेस्टर, वाफेचे इंजिन आणि तिथला गिरणी कामगार यांच्यावर संपतो. वर्धा जिल्ह्यातली बाई त्यात कुठेच नसते. मैत्रिणींनो, तिच्यावाचून तो धडा पुरा होत नाही असे मला वाटते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथल्या गुलामांच्या श्रमावर पिकणारा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि साहेबाची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला तो नेमका १८६२ साली. १८६७ मध्ये रेल्वे इथून नागपूरला पोचली. हिंगणघाटचा लांब धाग्याचा कापूस विलायतेच्या बाजारात गावाच्या नावाने ओळखला जाई. भाव मात्र लिव्हरपूलला ठरे. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि पुढे तो कोसळला, तोही तिकडच्याच गरजेने.

या उलथापालथीत बाईच्या हातून काय गेले? सरकी काढणे आणि सूत कातणे ही घरची कामे तिच्या हातात होती, त्यातून चार पैसे पदरात पडत. गिरणीच्या सुताने तिचा चरखा बंद पाडला, जिनिंगने हातची सरकी थांबवली. हिंगणघाट-पुलगावला गिरण्या, जिन-प्रेस निघाले तेव्हा तीच बाई तिथे रोजाने गेली. १८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभराहून कमी कामगारांच्या किंवा वर्षात चार महिनेही न चालणाऱ्या कारखान्याला लागू नव्हता. जिन-प्रेस तर हंगामीच! 'हंगामी' हा शब्द तेव्हापासून बाईच्या कामाला चिकटला, तो आजही सुटलेला नाही.

आपल्या जिल्ह्याने याला एक उत्तर शोधले होते. १९३४ मध्ये मगनवाडीत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, जे. सी. कुमारप्पांनी तिथे यंत्र कुणासाठी, हा प्रश्न धरून काम केले. मला त्याहून मोलाचा वाटतो तो चरखा संघाचा १९३५ चा निर्णय. आठ तास कातणाऱ्या बाईला निदान अन्नवस्त्र भागेल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे, असे त्यात ठरले. खादी महागणार हे दिसत असूनही गांधीजी त्यासाठी अडून बसले. कातणे म्हणजे बाईच्या फावल्या वेळचे काम, म्हणून स्वस्त, ही समजूतच त्यांनी नाकारली. आपण मात्र चरख्याला हार घालत राहिलो आणि मजुरीचा तो ठराव विसरलो.

आज वेचणी कशी होते ते आपण रोज पाहतो. बाई कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकते, मजुरी किलोवर. काटा मालकाचा, नोंदही त्याचीच. फरदडीच्या वेचणीत झाडावर बोंडे थोडी, फिरणे तेवढेच, वजन निम्मे. २००२ मध्ये बीटी बियाण्याला परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळी संपली असे सांगितले गेले. २०१७ मध्ये गुलाबी अळीने विदर्भातली शेते पोखरली. किडकी बोंडे वेचायला वेळ दुप्पट लागतो, ओटी भरत नाही. नुकसानीचा पंचनामा होतो तो सातबारा पाहून. वेचणाऱ्या बाईचा रोज बुडाला, त्याचा पंचनामा कोण करणार? शेतकरीही नाडलेला आहे, हे मला मान्य आहे. पण त्याचा तोटा कागदावर येतो, तिचा येत नाही.

म्हणून येत्या हंगामात प्रत्येक गावच्या गटाने वेचणीची वही ठेवावी, असे मी सुचवते. शाळेची दोनशे पानी वही पुरे. तारीख, किती तास, किती किलो, हाती आलेले पैसे, एवढेच रकाने. लिहिता न येणाऱ्या बाईसाठी शाळेत जाणारी मुलगी लिहील. वेचणी संपली की ती वही ग्रामसभेत वाचायची, आणि तिची नक्कल तहसीलदार कचेरीत देऊन पोच घ्यायची.