गस्तीच्या दिव्याचा वर्ण

पोलिसांच्या गस्तीच्या गाडीवर कोणत्या रंगाचा दिवा असावा, हा प्रश्न आमच्याकडे प्रकाशशास्त्राचा म्हणून क्वचितच विचारला गेला. तो मानमरातबाचा म्हणून विचारला गेला, आणि मानमरातबाचे प्रश्न ज्या रीतीने सुटतात त्याच रीतीने, म्हणजे न्यायालयाच्या निवाड्याने आणि सरकारी अधिसूचनेने, तो सुटला. मंत्र्याच्या मोटारीवर लाल दिवा, त्याच्या खालच्या अंमलदाराच्या मोटारीवर अंबर दिवा, हा उतरंडीचा शिरस्ता इतका माजला की १० डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयास त्याचा बंदोबस्त करावा लागला. त्या निकालाने लाल दिवा घटनात्मक व अत्युच्च पदांसाठी राखून ठेवला, आणि ज्यांना खरोखरच वाट मोकळी हवी असते त्या रुग्णवाहिकांनी, बंबांनी व पोलिसांच्या गाड्यांनी लाल सोडून निळा, पांढरा किंवा बहुरंगी दिवा लावावा असे ठरविले. पुढे १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्याही टपावरचा दिवा उतरला आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०८ व्या नियमाने पोलिसांना लाल, निळा व पांढरा असा तिरंगी झगमगाट बहाल केला. (याच नियमात रुग्णवाहिकेसाठी ‘जांभळ्या काचेचा लाल दिवा’ नमूद होता, तो नेमका कोणत्या रंगाचा दिसावा अशी मसुदाकाराची अपेक्षा होती, याचा उलगडा आम्हांस आजवर झालेला नाही.)

तिन्ही रंग हाती आले तरी त्यांतला कोणता केव्हा वापरावा, हा मुद्दा उरतोच. येथे पहिला पक्ष लाल रंगाच्या अभिमान्यांचा. त्यांचे म्हणणे असे की, लाल हा धोक्याचा सनातन रंग असून रेल्वेच्या सिग्नलपासून तो सर्वांच्या परिचयाचा आहे, जपानसारखा शिस्तबद्ध देश आपल्या पोलिसांस लालच दिवा देतो, आणि लाल किरण सर्वांत कमी विखुरत असल्यामुळे धुक्यातून तोच दूरवर पोहोचतो. यांतील शेवटचे प्रमाण वरकरणी शास्त्रीय दिसते म्हणून त्याची तपासणी आधी करू. लघुलहरी प्रकाश अधिक विखुरतो हे खरे, आणि आकाश निळे दिसते ते त्यामुळेच. परंतु हा नियम हवेच्या रेणूंसारख्या अतिसूक्ष्म कणांस लागू पडतो. धुक्याचा थेंब प्रकाशलहरीच्या दहापटीहूनही मोठा असल्यामुळे तो लाल आणि निळा असा पंक्तिप्रपंच करीत नाही, दोघांनाही जवळपास सारखेच विखुरतो. पावसाळ्यात बोरघाटात ढग रस्त्यावर उतरले म्हणजे लाल दिव्याचे हे कल्पित सामर्थ्य निकामी होते. परिचयाचे म्हणाल, तर तोच परिचय रात्री लाल रंगाचा वैरी ठरतो: प्रत्येक गाडीच्या पाठीमागे लाल दिवे, गाडी थांबवताना ते अधिकच लाल, आणि या लाल रांगेत टपावरचा आणखी एक लाल ठिपका पोलिसाचा की ट्रकचा, हे मागून भरधाव येणाऱ्याने कसे ओळखावे?

दुसरा पक्ष नेमका उलट टोकाचा. लाल दिव्यास सत्तेच्या उर्मटपणाचा वास लागला आहे, सबब तो पोलिसांच्या गाडीवरूनही हद्दपार करून जर्मनीप्रमाणे वा ब्रिटनप्रमाणे केवळ निळा ठेवावा, असे हे लोक म्हणतात. त्यांचा निष्कर्ष निम्मा बरोबर असला तरी कारण चुकीचे आहे. रंगास जात नसते.

निळ्याचे खरे समर्थन डोळ्याच्या रचनेत आहे. पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाहिले की, उजेड मंदावू लागला म्हणजे लाल वस्तू काळवंडतात आणि निळ्या उजळतात; दिवसा आपला डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटरच्या लहरीस सर्वांत संवेदनशील असतो, तो काळोखात ५०७ च्या आसपास सरकतो. पूर्वी तप्त तारेच्या दिव्यावर निळी काच बसविली की बहुतेक प्रकाश काचेतच जिरत असे, म्हणून निळ्याची उपेक्षा होणे स्वाभाविक होते. परंतु १९९३ नंतर तेजस्वी निळे एलईडी बाजारात आले (त्यांच्या संशोधकांस २०१४ चे नोबेल मिळाले) आणि ती अडचण संपली. मिशिगन विद्यापीठातील मायकेल फ्लॅनगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली निळ्याचा वापर वाढवावा आणि दिवसा व रात्री तेज निरनिराळे ठेवावे, अशीच शिफारस केली.

तथापि निळा निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. वयोमानाने नेत्रभिंग पिवळसर होते व निळा प्रकाश त्यात अडतो. काळोखात तीव्र निळा डोळ्यांस टोचतो. उलट, ज्यांस जन्मतः लाल रंग मंद दिसतो, अशा वाहनचालकाच्या दृष्टीने निव्वळ लाल दिवा जवळजवळ विझलेलाच. म्हणून निळा मुख्य आणि लाल साथीला, ही जोडी आम्हांस ग्राह्य वाटते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

उरला तिसरा पक्ष, आणि अलीकडे सरशी त्याचीच दिसते: जितके रंग, जितके तेज, जितकी लुकलुक अधिक तितकी सुरक्षितता अधिक. वरातीची रोषणाई आणि गस्तीची खूण यांतला भेद या मंडळींनी पुसून टाकला आहे. अपघातस्थळी आडव्या उभ्या केलेल्या गाडीवरून पांढरा झोत रात्री डोळ्यांवर आदळत असता शेजारी उभा असलेला, गडद रेनकोट घातलेला शिपाई दिसेनासा होतो, आणि दिवा ज्याच्या संरक्षणार्थ लावला त्यालाच तो अंधारात ढकलतो. धावत्या गाडीस तिन्ही रंग असू द्यावेत. गाडी उभी राहिली की पांढरा बंद, मागील बाजूस निळा ठळक, आणि सूर्यास्तानंतर सगळ्यांचेच तेज उतरविलेले, एवढी तजवीज हवी. यासाठी नवा कायदा नको. गाडीत एक कळ आणि ती केव्हा दाबायची याचा लेखी हुकूम, एवढे पुरे.