आधी तपासणी, मग बाटली

पावसाळा तोंडावर आला की मावळातल्या शेडवर औषधविक्रेत्यांची ये-जा वाढते. पिशवीत लिव्हर टॉनिक, ॲसिडिफायर, प्रोबायोटिक, टॉक्सिन बाइंडर, वनौषधींचा अर्क असतो. विचारले तर तळातून एखादे प्रतिजैविकही निघते. अलीकडे यातल्या अनेक पत्रकांवर साल्मोनेलाचे नाव ठळक छापलेले असते आणि शेजारी ‘खात्रीशीर’ हा शब्द. त्या शब्दाबद्दल स्पष्ट लिहिण्याची वेळ आली आहे. साल्मोनेला बाटलीने शेडबाहेर जात नाही. तो पिल्लातून, खाद्यातून, पाण्यातून, उंदरांमार्फत आत येतो आणि गादीत मुक्काम करतो. या वाटा बुजवल्या, तरच बाटलीतल्या मालाला काही काम उरते.

आपल्या धंद्यात साल्मोनेला या एकाच नावाखाली दोन वेगळी दुखणी येतात. पुलोरम आणि गॅलिनारम हे कोंबडीचे शत्रू. पहिल्याने पिल्लांना पांढरी हगवण लागते, शेपटीखाली विष्ठा चिकटून घट्ट होते आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मर वाढते. दुसऱ्याने मोठ्या पक्ष्याला टायफॉइड होतो. पक्षी उघडून पाहिला तर यकृत सुजलेले आणि हिरवट-तांबूस, काशाच्या भांड्यासारखे चमकते. माणसाला या दोघांचा फारसा त्रास होत नाही. एन्टेरायटिडिस आणि टायफिम्युरियम यांचे उलट आहे. मोठ्या कोंबडीला ते बहुधा काहीच करत नाहीत. वजन भरते, एफसीआर ठीक येतो, अंडी चालू राहतात, आणि आजारी पडतो तो अंडे किंवा चिकन खाणारा. पोल्ट्रीवाल्याला दिसतो फक्त पहिला प्रकार, आणि औषधे खपतात ती त्या दिसणाऱ्या मरीच्या जोरावर. दुसऱ्याचा पत्ता तपासणीशिवाय लागूच शकत नाही.

टायफॉइडची मर सुरू झाली की पाण्यातून प्रतिजैविक सोडले जाते, दोन-तीन दिवसांत मर उतरते आणि ‘औषध लागू पडले’ असा निर्वाळा मिळतो. मर उतरते हे खरे. पण वाचलेल्या पक्ष्यांपैकी काही जंतू बाळगून राहतात. मादीच्या अंडाशयात तो दडतो, तिथून अंड्यात उतरतो आणि हॅचरीच्या मशीनमधून पुढच्या पिल्लांत पसरतो. वर, प्रतिजैविकाने आतड्यातले उपकारक जंतूही मरतात आणि नवा साल्मोनेला आला तर त्याला जागा मोकळी सापडते.

कायदाही आता मोकळा राहिलेला नाही. कोलिस्टिन जुलै 2019 पासून अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत वापरायला बंदी आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांच्यावर मार्च 2025 मध्ये बंदीची अधिसूचना निघाली. जे औषध चालते, त्याच्या लेबलवर ते बंद केल्यानंतर किती दिवस थांबायचे हे छापलेले असलेच पाहिजे. छापलेले नसेल तर मांसासाठी किमान 28 दिवस आणि अंड्यांसाठी 7 दिवस धरावेत, असा नियम 2012 पासून आहे. चाळीस-बेचाळीस दिवसांत उचलल्या जाणाऱ्या ब्रॉयलरला हा हिशेब लावून पाहा. तिसऱ्या आठवड्यात दिलेल्या अशा औषधाला त्या बॅचमध्ये जागाच उरत नाही.

प्रतिजैविकाऐवजी येणाऱ्या मालाकडेही तितक्याच बारकाईने बघायला हवे. प्रोबायोटिकची कल्पना पोकळ नाही. फिनलंडमध्ये 1971 साली ब्रॉयलरमध्ये साल्मोनेलाची मोठी साथ आली. त्यानंतर एस्को नुर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1973 मध्ये दाखवून दिले की निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू पहिल्याच दिवशी पिल्लाला पाजले, तर साल्मोनेलाला आतड्यात बस्तान बसवता येत नाही. पण त्यांनी पाजला तो आतड्यातला अख्खा जंतुसमूह, आणि तोही पिल्लाला जंतू भेटायच्या आधी. एक-दोन जातींचे बॅसिलस किंवा लॅक्टोबॅसिलस भरलेले पाकीट विसाव्या दिवशी पाण्यात टाकायचे आणि फिनलंडचा दाखला द्यायचा, हे ग्राहकाची दिशाभूल करणे आहे. ॲसिडिफायरचेही तसेच. लिफ्टिंगआधी खाद्य बंद केले की उपाशी पक्षी गादी टोचतो आणि क्रॉपमध्ये साल्मोनेला शिरतो. त्या काही तासांत पाण्यातून दिलेले सेंद्रिय आम्ल खरोखर उपयोगी पडते. पण साधे, आवरण नसलेले आम्ल आतड्याच्या खालच्या भागापर्यंत पोचतच नाही, आणि साल्मोनेला तर तिथल्या सीकामध्ये ठाण मांडून असतो. विक्रेत्याला विचारायचे ते एवढेच: हा माल कोणत्या दिवशी द्यायचा, तो कुठे काम करतो, आणि दिलेल्या व न दिलेल्या पक्ष्यांच्या सीकामधील साल्मोनेलाचे आकडे कुठे आहेत? खाद्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला औषधासारखी परीक्षा द्यावी लागत नाही. म्हणून ती परीक्षा घेणे विकत घेणाऱ्यावरच येते.

मावळाची अडचण इथल्या पावसातून सुरू होते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ पूर्वेकडे सरकेल तसे कोरडे होत जातात, पण जुलै-ऑगस्टमध्ये पडदे सोडलेल्या शेडमध्ये ओल सगळीकडेच असते. भाताचे तूस इथे हाताशी मिळते, म्हणून गादी तुसाची. हे तूस गिरणीवर उघड्यावर भिजले असेल किंवा त्यात उंदरांच्या लेंड्या असतील, तर शेड धुऊन चुना मारल्यावर आपण स्वतःच जंतू परत आणून पसरतो. गादीची ओल बघायला यंत्र लागत नाही. मूठभर तूस आवळून मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, लगेच सुटून विखुरला तर गादी ठीक. ही मूठ निपलच्या रांगेखाली आणि पडद्यालगत भरायची. शेडच्या मध्यावरची गादी नेहमी चांगलीच दिसते.

पाण्याचे म्हणाल तर पावसात विहिरी गढूळ होतात, आणि गढूळ पाण्यात टाकलेले क्लोरीन त्या गाळावरच खर्च होते. टाकीत किती टाकले याला अर्थ नाही. रांगेच्या शेवटच्या निपलला 2 ते 3 पीपीएम मोकळे क्लोरीन मिळते का, हे पट्टीने बघायचे. पाण्यातून लस द्यायच्या दिवशी मात्र ते बंद ठेवायचे. भातकापणी झाली की खाचरातले उंदीर धान्याच्या वासाने शेडकडे वळतात. जंतुनाशक फवारून शेड स्वच्छ झाले, पण खाद्याच्या गोदामात उंदीर राहिले, तर दुसऱ्या बॅचलाही तोच जंतू भेटतो. शेणाच्या थरावर मारलेले महागडे जंतुनाशकही वाया जाते. आधी खरवडायचे, मग धुवायचे, वाळू द्यायचे आणि शेवटी फवारायचे. आमच्या मते दोन बॅचमधल्या रिकाम्या दिवसांवर मावळात जेवढी काटकसर होते, तेवढी ती दुसऱ्या कशावरही होत नाही, आणि सगळ्यात महागात पडते तीही तीच.

यावर पोल्ट्रीधारक म्हणतील की पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषधही कंपनीचेच. आमच्या हातात शेड आणि मेहनत. हे म्हणणे रास्त आहे. करार पद्धतीत साल्मोनेलाच्या दोन मोठ्या वाटा, पिल्लू आणि खाद्य, कंपनीच्या ताब्यात असतात. औषधाचा खर्च मात्र उत्पादनखर्चात धरला जातो आणि किलोमागे मिळणाऱ्या मोबदल्यावर त्याचा परिणाम होतो. ज्याच्याकडे पिल्लाची निवड नाही, त्याने पिल्लातून आलेल्या आजाराच्या औषधाचा भार सोसावा, हे योग्य नाही. इंटिग्रेटर कंपन्यांचे अधिकारी हा अंक वाचतात. ब्रीडर कळपांच्या तपासणीचे निकाल करारातल्या शेतकऱ्याला का दाखवले जात नाहीत, याचे उत्तर त्यांनी द्यावे.

ती तपासणी काही गुंतागुंतीची नाही. पांढऱ्या फरशीवर कोंबडीच्या रक्ताचा एक थेंब, शेजारी जांभळट रंगाच्या अँटिजेनचा एक थेंब. दोन्ही मिसळून फरशी हळूहळू हलवत राहायची. दोन मिनिटांच्या आत दाणे दिसू लागले तर पक्षी संशयित. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेत हे अँटिजेन तयार होत आले आहे. नाइन-आर लस दिलेल्या कळपात ही चाचणी चुकीचा होकार देऊ शकते, म्हणून लसीकरणाची नोंद सोबत हवी. माणसाला बाधणाऱ्या प्रकारांसाठी वेगळी पद्धत आहे: बुटांवर ओले गॉझ चढवून शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे आणि ते गॉझ निर्जंतुक पिशवीत घालून प्रयोगशाळेत पाठवायचे. पुण्याच्या औंधमधील पशुसंवर्धन खात्याची रोगनिदान प्रयोगशाळा वडगावपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. ही सोय अनेक तालुक्यांना नाही. मावळाने तिचा पुरेसा उपयोग करून घेतलेला नाही, हे आम्ही खेदाने नोंदवतो.

हे सगळे कशासाठी, ते स्वीडनने सांगून ठेवले आहे. 1953 साली तिथे एका कत्तलखान्यातून पसरलेल्या साल्मोनेलाने सुमारे 9,000 माणसे आजारी पडली आणि 90 च्या आसपास दगावली. त्यानंतर तिथे बाधित ब्रॉयलर कळपाला औषध न देता तो कळपच काढून टाकण्याची पद्धत रुळली. ब्रिटनमध्ये डिसेंबर 1988 मध्ये मंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतेक अंड्यांत साल्मोनेला असल्याचे विधान केले, अंड्यांचा खप कोसळला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. दहा वर्षांनी तिथल्या अंडी उत्पादकांनी स्वतःच लसीकरण, उंदीर नियंत्रण आणि तपासणी यांची सांगड घालणारी खूण अंड्यावर आणली. 2017 मध्ये त्या खुणेची अर्धकच्ची अंडी गरोदर बायकांनाही चालतील, असे तिथल्या अन्न संस्थेने जाहीर केले. गेलेला ग्राहक परत यायला तीस वर्षे लागली.

आपल्याकडेही ही हवा पोचली आहे. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळने 2023 मध्ये, तेलंगणाने 2024 मध्ये आणि तमिळनाडूने 2025 मध्ये बंदी घातली. लोणावळा-खंडाळ्याची हॉटेले मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांवर चालतात. चिकन कापलेल्या पाटावर सॅलड चिरणाऱ्या एका स्वयंपाकघरातून शनिवार-रविवारी साथ उठली, तर दोष त्या पाटाचा असला तरी बोट आपल्याकडेच दाखवले जाईल आणि आपल्या हातात दाखवायला एकही अहवाल नसेल.

म्हणून आमची सूचना अशी. गावातल्या आठ-दहा शेडधारकांनी मिळून प्रत्येक बॅचमध्ये एकदा गॉझचे नमुने औंधला पाठवावेत. गाडी एकच, खर्च वाटून. तालुका पशुवैद्यकीय दवाखान्याने नमुने गोळा करण्याचा वार ठरवून द्यावा. नवा माल घ्यायचा असेल तर आधी शेडच्या एका भागातच वापरावा, दुसरा भाग तसाच ठेवावा आणि दोन्हीकडचे नमुने वेगळे पाठवावेत. या कसोटीला नकार देणाऱ्या विक्रेत्याकडून माल घेऊ नये. तुमच्याकडचे अहवाल आम्हाला पाठवा. कंपनीचे आणि शेडधारकाचे नाव न घालता, मालाचा प्रकार, दिलेला दिवस आणि दोन्हीकडचे निकाल आम्ही छापू. चांगले आले तर तेही छापू. करार नव्याने होईल तेव्हा दोन गोष्टी लिहून मागा: पिल्लांच्या चलनासोबत ब्रीडर कळपाचा तपासणी अहवाल, आणि पहिल्या आठवड्यात पांढरी हगवण सिद्ध झाली तर औषधाचा खर्च कंपनीच्या खात्यावर. तोवर पिल्ले उतरवून घेताना खोक्याच्या तळाचा विष्ठा पडलेला कागद फेकू नका. तो घडी करून स्वच्छ पिशवीत भरा, वर बॅच क्रमांक आणि तारीख लिहा आणि त्याच दिवशी औंधला पाठवा. पिल्लू शेडमध्ये आल्यावर आजारी पडले की हॅचरीतूनच आजार घेऊन आले, हे त्यातून कळेल.