हरकत आली की बाण संपतात

खरेदीखताचा फेरफार तलाठ्याकडे येतो. गाव नमुना सहामध्ये नोंद, संबंधितांना नोटीस, १५ दिवस हरकतीची वाट, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, की सातबारा बदलला. चौकोन आणि बाण जोडून हे काम संगणकाला सहज शिकवता येतं. अशा आकृत्यांसाठी जगभर बीपीएमएन ही पद्धत चालते. तिची दुसरी आवृत्ती २०११ची.

पण हरकत आली तर?

नोंद सहा-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाते आणि सगळा नूरच पालटतो. बहीण म्हणते, हक्कसोडपत्रावरची सही माझी नाहीच. कुणी जुनं मृत्युपत्र काढतो, कुणी दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम. पुढचं पाऊल आता समोर आलेला कागद ठरवतो. प्रत्येक शक्यतेसाठी बाण काढत बसलं तर आकृतीचा गुंतलेला मांजा होतो, आणि तरी एखादी शक्यता निसटतेच.

ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने २०१४मध्ये सीएमएमएन हे आकृत्यांचं वेगळं मानक आणलं ते याचसाठी. त्यात केंद्रस्थानी प्रकरण असतं: त्याची फाइल, गाठायचे टप्पे आणि अधिकाऱ्याला गरज वाटली तरच करायची कामं. ते फारसं रुजलं नाही, हेही खरं. कॅमुंडा या अशा आकृत्या चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आठव्या आवृत्तीत त्याला जागाच नाही. चिन्हं किचकट होती, कल्पना मात्र रास्त होती.

सरकारी सॉफ्टवेअरची निविदा काढणाऱ्यांनी बिनहरकत नोंदी खुशाल बाणांवर सोडाव्यात. हरकतीच्या प्रकरणात मात्र पडद्यावर ‘पुढे’ एवढं एकच बटण नको. सुनावणी पुन्हा लावण्याची, नवा पक्षकार जोडण्याची मोकळीक हवी, आणि ती का वापरली हे लिहिण्याची सक्तीही.