पांडवलेणी पांडवांची? भिंत वाचा की!

नाशिककरांनो, मुलांच्या प्रोजेक्टमध्ये ‘पांडवलेणी पांडवांनी वनवासात कोरली’ हे अजून किती वर्षं वाचायचं? आधार काय, तर नेटवरची कुठलीतरी साइट. तीच ओळ दहा ठिकाणी दिसते म्हणून खरी मानायची? अहो, दहाही जणांनी एकमेकांचंच उतरवलंय!

लेणी कोणी दिली ते तिथल्या भिंतीवरच ब्राह्मी लिपीत कोरलंय. ३ नंबरचं लेणं गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिनं बौद्ध भिक्खूंना दिलेलं. १० नंबरचं नहपानाचा जावई उषवदात याचं. सातवाहन आणि क्षहरात, हाडवैरी घराणी, आणि दोघांचे लेख एकाच डोंगरावर! यापेक्षा भारी प्रोजेक्ट कुठला हवाय?

ब्राह्मी येत नाही? भगवानलाल इंद्रजींनी केलेलं वाचन १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमध्ये आहे, नेटवर फुकट. इंग्रजी जड जात असेल तर मराठी विश्वकोश उघडा, सावानात जा.

आणि सर-मॅडम, राग मानू नका, पण स्पायरल बाइंडिंगला आणि रंगीत फोटोंना मार्क देणं थांबवा. ‘हे कुठून घेतलंस?’ एवढं विचारा. ‘गूगल’ म्हणाला तर वही परत द्या. गूगलवर ते कोणी लिहिलंय आणि त्यानं कशावरून लिहिलंय, ते शोधून आण म्हणावं.